फोंड्यातील वाद्यवृंदासाठी डबल बेस : खरेदीच्या नोंदी

१० जून २०२४

आमच्या हौशी वाद्यवृंदात व्हायोलिने, एक चेलो, एक क्लॅरिनेट, पायपेटी आणि घुमट एवढी वाद्ये आहेत. नाट्यपदे आणि मांडो (गोव्यातील कोंकणी गीते) यांच्या ज्या रचना आम्ही बसवतो, त्यांना खालून आधार देणारे वाद्य मात्र नाही. चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि डबल बेस या चेलोहून मोठ्या तंतुवाद्याची चौथी, सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते. या दोहोंमधला खर्ज नसल्यामुळे आमचे वादन अधांतरी वाटते, असे ऐकणाऱ्यांनी अनेकदा सांगितले आहे. आज कार्यकारिणीने डबल बेस घेण्यासाठी दीड लाख रुपये मंजूर केले. वादनाची आणि खरेदीची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मी पूर्वी बेस गिटार वाजवत असे आणि दोन्ही वाद्यांच्या तारा ई, ए, डी, जी अशाच लागतात.

मग बेस गिटारच का नको, असा प्रश्न बैठकीत आला आणि तो रास्त होता. आम्ही बहुधा देवळांच्या सभामंडपांत, घरगुती बैठकींत आणि लहान कपेलांत (प्रार्थनामंदिरांत) ध्वनिवर्धकाशिवाय वाजवतो. तेथे एकच वाद्य विजेवर चालले की त्याचा आवाज इतरांपासून फुटून वेगळा ऐकू येतो. शिवाय लांब धरलेला खर्ज गजानेच निघतो, तार छेडून नव्हे.

दीड लाखांतले नव्वद हजारच प्रत्यक्ष वाद्यावर खर्च करावेत आणि उरलेले साठ हजार तारा, गज, जुळणी (वाद्य वाजवण्याजोगे नीट बसवणे) आणि वाहतूक यांसाठी बाजूला ठेवावेत, असा प्रस्ताव मी मांडला. एका सदस्यांना हे प्रमाण विचित्र वाटले. परंतु नीट न जुळवलेला बेस कितीही चांगल्या लाकडाचा असला तरी त्यावर अर्धा तासही बोटे टिकत नाहीत. प्रस्ताव मंजूर झाला.

१६ जून २०२४

माप ठरवून टाकले. याला तीन-चतुर्थांश माप म्हणतात, पण प्रौढ वादकांचे नेहमीचे माप हेच आहे. पूर्ण मापाचे वाद्य फार थोडे लोक वापरतात. नटापासून (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून) घोडीपर्यंत (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी आधारापर्यंत) तारेची लांबी १०४ ते १०६ सेंटिमीटर असावी, एवढे पुरे.

बांधणीचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. एका प्रकारात वरचा (तारांखालचा) पट्टा स्प्रूसचा आणि मागचा मेपलचा असतो आणि दोन्ही घन लाकडातून कोरून काढलेले असतात. दुसऱ्यात फक्त वरचा पट्टा कोरलेला आणि बाकीचे शरीर थरांचे असते. तिसऱ्या प्रकारात सगळे शरीर थरांचे, म्हणजे बोलीभाषेत प्लायवूडचे. जाणकार सहसा याच क्रमाने प्रतिष्ठा देतात, आणि कोरीव वाद्याचा आवाज अधिक खोल व अधिक रंगांचा असतो हे मलाही मान्य आहे. पण हे वाद्य गोव्यात राहणार आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, आणि ही हालचाल लाकडातल्या रेषांच्या दिशेने नगण्य, तर रेषांना आडवी मात्र बरीच होते. कोरलेल्या पट्ट्यात सर्व रेषा एकाच दिशेने जात असल्यामुळे जून ते सप्टेंबर तो रुंद होतो, डिसेंबर-जानेवारीत आखडतो आणि कडेला चिकटलेला असल्यामुळे जागा न मिळाल्यास शेवटी तडकतो. थरांच्या लाकडात एका थराच्या रेषा दुसऱ्याला आडव्या असतात, त्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात. अमेरिकेत शिकागोच्या के कंपनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे बेस मोठ्या संख्येने केले. शाळांनी आणि नृत्यगृहांतल्या वादकांनी ते वर्षानुवर्षे वागवले, आणि त्यांतले कितीतरी आजही वाजत आहेत.

तरीही थरांचेच घ्यायचे असे आज लिहून ठेवत नाही. आधी प्रत्यक्ष वाद्ये पाहावीत.

२९ जून २०२४

दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातल्या एका जुन्या घरात बेस असल्याचे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या सहकाऱ्याकडून कळले होते. आज तो पाहून आलो. सासष्टीत आणि बार्देशात अशी वाद्ये घरोघरी नसली तरी अधूनमधून सापडतात, आणि त्याचे कारण उघड आहे. चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा येथे पोर्तुगीज काळापासून होती. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्यातील वादक मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे. बेस गिटार येण्यापूर्वी त्या ध्वनिमुद्रणांतला खर्ज डबल बेसच सांभाळत असे, आणि निवृत्त होऊन गावी परतलेल्या वादकांबरोबर काही बेसही परतले.

हे वाद्य घरमालकीणबाईंच्या सासऱ्यांचे. कोरीव, युरोपीय बनावटीचे, मागचा पट्टा सपाट, वार्निश मधाच्या रंगाचे. मुंबईत असताना ते आतड्याच्या तारांवर वाजवत, असे बाईंनी सांगितले. त्यांपैकी एक तार अजून लावलेली होती. किंमत त्यांनी सत्तर हजार सांगितली आणि "वाजवणाऱ्याच्या घरी जावे, एवढेच" असे म्हणाल्या. मी ती एक तार छेडली तेव्हा निघालेला आवाज ऐकून माझ्याबरोबर आलेला सहकारी तेथेच पैसे मोजायला तयार झाला होता.

मी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन गेलो होतो. एफ आकाराच्या छिद्रातून आरसा आत घातला की पोटातली सगळी परिस्थिती दिसते. बेसबार (वरच्या पट्ट्याला आतून चिकटवलेली लांब पट्टी) जागेवर होता. साउंडपोस्ट, म्हणजे आतली लाकडी खुंटी, पडलेला होता, परंतु तो चिकटवलेला नसतोच. वरच्या आणि मागच्या पट्ट्यांमध्ये केवळ दाबाने उभा असतो आणि तारा सैल झाल्या की पडू शकतो, त्यामुळे त्याची मला चिंता वाटली नाही. काळजी वाटली ती साउंडपोस्टच्या नेमक्या जागेवरून वरच्या पट्ट्यात जाणाऱ्या तड्याची. बेसच्या चार तारांचा एकत्रित ताण शंभर किलोंहून अधिक असतो आणि घोडीच्या एका पायाखालचा भार हा साउंडपोस्टच पेलतो. इतरत्र तडा गेला तर तो सांधून चालतो, येथे मात्र आतून लाकडाचे ठिगळ बसवावे लागते आणि त्यासाठी संपूर्ण वरचा पट्टा उघडावा लागतो. मानेच्या टाचेपाशी जुन्या दुरुस्तीची रेषा होती. मागच्या सपाट पट्ट्याच्या आडव्या पट्ट्यांपैकी दोन सुटलेल्या होत्या. आणि खाली फरशीवर, वाद्य उचलल्यावर, पिठासारख्या भुश्याची एक बारीक ओळ दिसली.

बाईंना काहीही कबूल न करता छायाचित्रे घेऊन आलो.

६ जुलै २०२४

बार्देशात व्हायोलिने आणि गिटार दुरुस्त करणारे एक वयस्क मेस्त आहेत. चर्चमधले बेसही त्यांच्या हातून गेलेले आहेत. छायाचित्रे पाहून त्यांनी पहिला प्रश्न भुश्याचा विचारला. भुसा पांढुरका आणि ताजा असेल तर कीड जिवंत आहे, आणि ती असेपर्यंत वाद्य इतर वाद्यांच्या खोलीत ठेवू नये, हे त्यांनी बजावले. नंतर कागदावर हिशेब केला: वरचा पट्टा उघडणे, ठिगळ, बेसबारची तपासणी, मागच्या आडव्या पट्ट्या, मान पुन्हा बसवणे, नवी घोडी, नवा साउंडपोस्ट. साहित्यासह नव्वद हजारांच्या खाली ते उतरेनात, आणि वेळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

"बाब, मी काम करीन. पण सपाट पाठ आहे, पुढच्या पावसाची खात्री मागू नका," असे ते म्हणाले. सपाट पाठीचा आतल्या आडव्या पट्ट्यांशी कायमचा तंटा असतो. पाठ आडवी फुगते, पट्टी फुगत नाही, आणि दोघांपैकी एक सुटते किंवा तडकते. येथेच त्यांनी सरसाचे मर्मही सांगितले. जुने कारागीर प्राण्यांच्या सरसाने शिवण मुद्दाम बेताने चिकटवत, म्हणजे हवा बदलली की लाकडाऐवजी शिवण उघडावी. उघडलेली शिवण पुन्हा चिकटवणे हे तासाभराचे काम आहे. म्हणूनच जुन्या वाद्याच्या शिवणीत कोणी फेव्हिकॉल भरलेला दिसला तर ते वाद्य घेऊ नये, हा त्यांचा नियम मी वहीत लिहून घेतला.

त्या सुंदर आवाजाच्या वाद्याला नकार कळवला. ते ज्याच्याकडे दोन लाख रुपये आणि वातानुकूलित, कोरडी खोली आहे त्याने घ्यावे.

१४ जुलै २०२४

पणजी आणि मडगाव येथील दुकानांत चौकशी केली. व्हायोलिने, गिटार आणि कीबोर्ड भरपूर. बेस मागवावा लागेल. परदेशातून स्वतः मागवण्याचा पर्याय आज कागदावरच निकालात निघाला. विमानमालाचे भाडे प्रत्यक्ष वजनावर नव्हे, तर आकारमान अधिक भरत असल्यास त्यावर लागते. बेसचे खोके साधारण २०० गुणिले ७५ गुणिले ६० सेंटिमीटरचे धरले आणि गुणाकाराला ६,००० ने भागले तर १५० किलो येतात. वाद्य स्वतः दहा-बारा किलोंचे असते. त्यावर आयात शुल्क आणि कर. पाठवण्याचाच खर्च वाद्याच्या किमतीला टेकतो.

२८ जुलै २०२४

मुंबईत दोन वाद्ये पाहिली.

पहिले एका विक्रेत्याकडचे, नवे, थरांचे, चिनी बनावटीचे. गज आणि पिशवीसह एक लाख पाच हजार. दिसायला चकचकीत होते, पण पाहत गेलो तसतसा जुळणीचा खर्च वाढत गेला. फिंगरबोर्डच्या (तारा बोटांनी दाबायच्या पट्टीच्या) टोकाशी चौथी तार लाकडापासून १४ मिलिमीटर वर होती. ९ च्या आसपास असावी. नटही उंच, म्हणजे पहिल्या स्वरालाच बोट वाकते. घोडीचे पाय पट्ट्याच्या वक्रतेशी घासून बसवलेले नव्हते आणि कडेखालून कागद सरकत होता. फिंगरबोर्ड काळा होता, पण कडेचा भाग ओल्या रुमालाने पुसताच रुमालावर काळे आले, अर्थात ते आबनूस नसून रंगवलेले फिकट लाकूड होते. असे फिंगरबोर्ड वाईटच असते असे नाही, मात्र स्टीलच्या तारांखाली ते लवकर झिजते आणि खरवडून सपाट केले की खालचा पांढरा रंग उघडा पडतो. "हे सगळे घरी गेल्यावर बसते," हे विक्रेत्याचे उत्तर मला पटले नाही. घोडी आपोआप बसत नाही, ती बसवावी लागते.

दुसरे वाद्य एका वादकाचे होते. ते लहान सदनिकेत राहायला जात असल्यामुळे विकायला काढले होते. हेही चिनी बनावटीचे आणि थरांचे. वार्निशवर ओरखडे, खालच्या कोपऱ्यावर टवका, पिशवीची चेन तुटलेली. पण फिंगरबोर्ड खरे आबनूसचे होते, मान टाचेपाशी निखळ होती आणि वाद्य मुंबईच्या समुद्राकाठच्या हवेत कित्येक पावसाळे काढलेले होते. माझ्या लेखी हा मुद्दा सर्वांत वजनदार ठरला: जे सुटायचे ते एव्हाना सुटले असते.

बोटांच्या सांध्याने संपूर्ण शरीरावर टकटक करून पाहिली. थर कोठे सुटले असतील तर तेथे आवाज फुटका, कागदासारखा येतो. असा भाग मागच्या पट्ट्याच्या कडेला एकच आणि तळहाताहून लहान सापडला. त्यानंतर प्रत्येक तारेवर अर्ध्या अर्ध्या स्वराने गजाने वर गेलो. घाईने दोन-चार गाणी वाजवून पाहण्यापेक्षा ही कंटाळवाणी पद्धत बरी, कारण मृत स्वर, खडखडणारे सुटे भाग आणि फिंगरबोर्डवरचे उंचवटे हे सगळे यातच सापडते. तिसऱ्या तारेवर वरच्या भागात एका स्वराशी आवाज थरथरतो. चेलोवर आणि बेसवर असा एखादा स्वर बहुधा असतोच आणि घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोके अडकवायची पट्टी) यांच्यामधल्या तारेवर लहान वजन बसवून तो बराच शांत करता येतो. तारा मेलेल्या होत्या. साउंडपोस्ट कललेला होता. हे दोन्ही आमच्या साठ हजारांत बसणारे दोष आहेत.

त्यांनी पंचाण्णव हजार सांगितले होते. काय काय करावे लागेल ते मी लिहूनच त्यांच्यापुढे ठेवले. बोलणे ८६,००० वर थांबले. निर्णयासाठी आठवडाभर मागून घेतला.

४ ऑगस्ट २०२४

बैठक. सासष्टीतले वाद्य ऐकून आलेल्या सहकाऱ्याने त्याची बाजू पुन्हा मांडली आणि ती ऐकताना मलाही त्या आवाजाची आठवण झाली. पण दुरुस्तीसह ती रक्कम एक लाख साठ हजारांच्या पुढे जाते आणि त्यानंतरही तारा व गज उरतातच. नव्या वाद्याच्या बाजूने हमीपत्र होते; त्या हमीत जुळणी आणि हवामानामुळे होणारे बदल येत नाहीत, हे मी वाचून दाखवले. दुसरे मुंबईचे वाद्य एकमताने ठरले. आगाऊ रक्कम आजच पाठवली.

१७ ऑगस्ट २०२४

वाद्य आणले. रेल्वेच्या पार्सल डब्यात टाकण्याचा विचार मी सुरुवातीलाच सोडून दिला होता, कारण चढ-उतारावर कोणाचे लक्ष राहणार नव्हते. एका सदस्याची इको गाडी मागची आसने दुमडून नेली आणि पुणे-कोल्हापूर-आंबोली मार्गे परतलो. बेस गाडीत कुशीवर निजवायचा, घोडीवर कधीही नाही. तारा थोड्या उतरवल्या, पण पूर्ण सोडल्या नाहीत. तसे केले असते तर घोडी आणि साउंडपोस्ट दोन्ही पडले असते. टेलपीसखाली जुनी सोलापुरी चादर घडी करून ठेवली, म्हणजे खड्ड्यात घोडी निसटलीच तर टेलपीस पट्ट्यावर आपटू नये. आंबोलीच्या धुक्यात चालकाला वेग असाही वाढवता आला नाही.

१४ सप्टेंबर २०२४

चवथ आटोपल्यावर मेस्तांनी काम हाती घेतले आणि आज वाद्य परत दिले. आबनूसाचे फिंगरबोर्ड त्यांनी खरवडून एकसारखे केले आणि त्यात लांबीच्या दिशेने किंचित खोलगटपणा ठेवला. जाड तार मोठ्या आवर्तात हलते तेव्हा ती लाकडाला लागू नये म्हणून हा खोलगटपणा असतो आणि पूर्ण सपाट फिंगरबोर्डवर चौथी तार खडखडते. साउंडपोस्ट नवा केला. तो पहिल्या तारेच्या बाजूच्या घोडीच्या पायामागे किंचित अंतरावर उभा केला आणि दोन्ही टोके पट्ट्यांच्या आतल्या वक्रतेला जुळवली. घोडी मेपलची, पायांत फिरत्या चाक्या असलेली. चाक्यांचा खर्च वाढीव आहे, तरी गोव्यात तो मी चैन मानत नाही: पावसात वरचा पट्टा फुगून तारा वर उचलल्या जातात, हिवाळ्यात खाली येतात, आणि चाक्या असल्या की दर ऋतूला घोडी कापावी लागत नाही.

तारा स्टीलच्या, गज आणि बोट दोन्हींना चालणाऱ्या निवडल्या. सतरा हजार रुपये चार तारांना, हे ऐकून खजिनदारांनी आकडा दोनदा विचारला. आता फिंगरबोर्डच्या टोकाशी चौथी तार ९ आणि पहिली ६ मिलिमीटर उंच आहे. सुटलेल्या थराच्या जागी त्यांनी पातळ सरस सुईने आत सोडून चापाने दाबला. टकटक आता भरीव येते.

जुळणीपूर्वीचे आणि नंतरचे वादन मी एकाच खोलीत, त्याच जागी ध्वनिमुद्रित केले. चौथ्या तारेचा खर्ज आधी गुरगुर वाटत होता. आता त्यात स्वर ओळखू येतो.

६ ऑक्टोबर २०२४

गज. जर्मन पद्धतीचा गज तळहात बाजूला वळवून खालून धरतात, फ्रेंच गज चेलोप्रमाणे वरून. दोन्ही पद्धतींनी उत्तम वादन होते. मी फ्रेंच घेतला तो केवळ या कारणासाठी की, आमच्या चेलोवादक मुलीला तिच्या शिक्षिका दर आठवड्याला हात घडवून देतात आणि तेथे बसून मलाही शिकता येते. काठी कार्बन फायबरची. याच किमतीतल्या लाकडी काठ्या पाहिल्या, त्यांतल्या दोन दुकानातच वाकलेल्या होत्या. दमट हवेत घोड्याचे केस लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात, म्हणून वादन संपताच गज सैल करायचा, अशी चिठ्ठी पिशवीच्या आत शिवली आहे.

बेसचे रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) व्हायोलिनच्या रोझिनपेक्षा मऊ आणि चिकट असते. डबी कडेवर उभी ठेवली तर उन्हाळ्यात ते वाहून झाकणाला चिकटेल, त्यामुळे ती तळावर सपाटच ठेवायची.

१० नोव्हेंबर २०२४

पाऊस गेल्यापासून हवा कोरडी होत चालली आहे. सप्टेंबरात तालीमखोलीतला आर्द्रतामापक बहुतेक वेळ ऐंशीच्या वर असे. आज दुपारी ५८ दाखवत होता. अपेक्षेप्रमाणे तारा खाली आल्या आणि पहिल्या तारेवर खडखड सुरू झाली. दोन्ही चाक्या थोड्या वर फिरवल्या, घोडी टेलपीसकडे झुकली नाही ना ते पाहिले, खडखड थांबली. मेस्तांना बोलवावे लागले नाही. शिवणी सर्व बंद आहेत.

एका सभामंडपात काल हा बेस प्रथमच ध्वनिवर्धकाशिवाय वाजवला. गुळगुळीत संगमरवरावर बेसच्या खालची लोखंडी कांडी सरकते. रबरी टोपी बसवूनही ती हलत होती, म्हणून खुर्चीच्या पायाला अडकवायचा जाड पट्टा करून घ्यायचा आहे. नाट्यपदात पायपेटीचा खालचा हात आता मोकळा ठेवावा लागेल, नाहीतर दोन्ही खर्ज एकमेकांत मिसळतात. पायपेटीवादकांना हे सांगितले आणि त्यांनी आनंदाने नव्हे, पण मान्य केले.

खजिनदारांकडे दिलेला हिशेब असा: वाद्य ८६,०००, वाहतूक ७,५००, तारा १७,०००, घोडी-साउंडपोस्ट-फिंगरबोर्डसह सर्व जुळणी १४,०००, गज ९,०००, रोझिन ९००, पिशवीची चेन ६००, आर्द्रतामापक ७००. एकूण १,३५,७०० रुपये. शिल्लक १४,३०० रुपये वाद्याच्याच नावे ठेवावेत, अशी विनंती केली आहे. संगमरवरावरचा पट्टा आणि तिसऱ्या तारेवरचे वजन त्यातून येईल, आणि पुढच्या जूनमध्ये मेस्तांची तपासणी.